संकेतधुनीमागचा पियानो

आकाशवाणीचं केंद्र सकाळी सुरू होण्याआधी जी धून वाजते, ती ऐकली नाही असा पन्नाशीपुढचा माणूस बारामती-इंदापूरकडे सापडणं कठीण. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, मध्ये एक भरीव, जाडसर तंतुवाद्याचा आवाज. मग वंदे मातरम्, मंगलध्वनी, बातम्या, बाजारभाव, हवामान. निमगाव केतकीच्या गोठ्यात धारा काढणाऱ्याने, भवानीनगरच्या उसाला रात्रीचं पाणी देऊन परतलेल्याने, वालचंदनगरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेल्याने ही धून हजारदा ऐकली. पण ही काय जातीची रचना आहे, असं कुणाला विचारलं तर उत्तर येतं, ‘रेडिओची धून’. माझ्या मते तिची ओळख याहून मोठी आहे. ती युरोपातल्या चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वादकांनी एकमेकांकडे पाहत वाजवायच्या संगीताची, मुंबईत उमललेली एक फांदी आहे. पियानो आणि तंतुवाद्यांच्या ज्या भारदस्त रचना ऐकायला आपला कान तयार नाही असं आपण मानतो, त्यांच्या दारापर्यंत या धुनीने आपल्याला केव्हाच आणून सोडलेलं आहे.

धून रचणारा वॉल्टर कॉफमन. बरीच वर्षं तिचं श्रेय कधी ठाकूर बळवंतसिंग, कधी विष्णुदास शिराळी यांनाही दिलं जाई. आता अभ्यासकांचा कौल कॉफमनच्या बाजूने आहे. १९३६ च्या सुमाराची ही रचना. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहता यांचं असल्याचं मानलं जातं. सूर शिवरंजनीचे: सा, रे, कोमल गंधार, पंचम आणि धैवत. मध्यम आणि निषाद वर्ज्य. बारामतीच्या मोरोपंतांनी ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचलं. काही गोष्टी मुद्दाम सोडून दिल्या की उरलेल्यांना केवढं तेज येतं, हे बारामतीकरांना वेगळं सांगायला नको. पाच सुरांच्या या धुनीचं बळ तसंच आहे.

कॉफमनकडे जाण्यापूर्वी पियानो आणि तंतुवाद्यं यांच्या नात्याबद्दल बोलायला हवं. हे नातं मुळातच अवघड आहे, आणि त्या अवघडपणातूनच हा सगळा संगीतप्रकार जन्माला आला.

पियानोला ८८ पट्ट्या आणि आत साधारण २३० तारा असतात. त्या सगळ्या तारांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो, म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट लागते. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. त्या क्षणानंतर वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही. सूर जन्मतो तोच मुळी विरू लागतो. व्हायोलिनचं नेमकं उलट. गज तारेवर आहे तोवर सूर जिवंत असतो. तो कमी करता येतो, फुगवता येतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येतो. मींड व्हायोलिनवर निघते, पियानोवर निघत नाही. म्हणूनच दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी आणि आपल्याकडे गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग यांच्यासारख्यांनी व्हायोलिन इतकं आपलं करून टाकलं, की ते परदेशी असल्याचं विसरायला होतं. पियानो मात्र दिवाणखान्यातला पाहुणाच राहिला.

दुसरी अडचण सुरांच्या जागेची. पियानोवर सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पियानोचा कोमल गंधार बरोबर ३०० वर येतो. षड्जाशी सहास पाच या नैसर्गिक प्रमाणात जुळणारा कोमल गंधार मात्र ३१६ च्या आसपास असतो. फरक सोळा भागांचा. कागदावर तो क्षुल्लक वाटतो, पण तंबोऱ्यावर कान ठेवून बसलेल्या माणसाला लगेच कळतो. व्हायोलिनवाला बोट केसभर सरकवून तो फरक भरून काढतो. पियानोवाल्याला तशी सोय नाही.

आपल्याकडे हाच वाद पेटीवरून झाला. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी आली, आणि ती १९७१ मध्ये सैल झाली. ज्या पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला नाट्यसंगीत ऐकवलं, जिच्याशिवाय इंदापूर तालुक्यातलं भजनी मंडळ सप्ताहाला उभं राहत नाही, ती तीस वर्षं रेडिओबाहेर बसली. बंदीमागचं सुरांचं कारण खरं होतं. पण मला ती बंदी अन्यायाचीच वाटते. ठरीव सुरांचं वाद्य आणि वाहत्या सुरांचा गळा एकत्र आले की चुका होतात, हे बरोबर. त्याच ओढाताणीतून नवी रंगतही निघते, हे बंदी घालणाऱ्यांनी ध्यानात घेतलं नाही.

युरोपातल्या रचनाकारांनी ही ओढाताणच हातात घेतली. रॉबर्ट शुमानने १८४२ मध्ये पियानो आणि चार तंतुवाद्यं (दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो) यांच्यासाठी क्विंटेट लिहिलं आणि हा पाच जणांचा संच रूढ झाला. पण या संचाची गंमत कळते ती योहानेस ब्राम्सच्या एका रचनेच्या इतिहासावरून. १८६२ मध्ये त्याने ‘एफ’ मायनरमध्ये एक मोठी रचना केली, ती फक्त तंतुवाद्यांसाठी. त्यात चेलो दोन होते. व्हायोलिनवादक योआखिम त्याचा जवळचा मित्र. त्याने वाजवून पाहिलं आणि ते पुरतं उतरत नसल्याचं सांगितलं. रचनेत जे आघात होते, ते गजातून येत नव्हते. ब्राम्सने ती दोन पियानोंसाठी बदलली. मग उलटी तक्रार आली: पियानोवादक क्लारा शुमानला त्या रूपात तंतुवाद्यांचा ओलावा हरवलेला वाटला. शेवटी १८६४ मध्ये ब्राम्सने पियानो आणि चार तंतुवाद्यं एकत्र आणली. एकीकडे हातोडीचा ठोका, दुसरीकडे गजाची लांबण. तीच रचना आज ओपस ३४ म्हणून जगभर वाजते. एकच विचार तीन अंगरखे घालून पाहतो आणि तिसरा बेताचा बसतो, अशी उदाहरणं संगीतात फार नाहीत.

यानंतरच्या पन्नासेक वर्षांत हा प्रकार बहरला. सेझार फ्रांकचं क्विंटेट १८७९ चं, आंतोनिन द्वोर्झाकचं १८८७ चं. पहिलं महायुद्ध संपता संपता एल्गारने ससेक्सच्या खेड्यातल्या घरी राहून आपलं क्विंटेट लिहिलं. या काळाला संगीताचे इतिहासकार उत्तर-रोमँटिक म्हणतात. भावना मोठ्या, वाक्यं लांब, स्वरसंगती दाट. यातल्या द्वोर्झाककडे मी जरा थांबेन. तो बोहेमियातल्या नेलाहोझेवेस या खेड्यातला. वडील खाटकाचा धंदा आणि खानावळ चालवत. त्याने क्विंटेटमध्ये ‘दुम्का’ हे स्लाव्ह मुलखातलं उदास गाणं आणि ‘फुरियांत’ हा गावातला झपाट्याचा नाच आणून बसवले. शहरी दिवाणखान्यात गावाची चाल बसवायची आणि तिला तिथे लाजायला लावायचं नाही, ही बोहेमियातल्या रचनाकारांची खासियत. कॉफमन त्याच बोहेमियातला.

त्याचा जन्म १९०७ चा, कार्ल्सबाडचा. बर्लिनला तो फ्रांत्स श्रेकरकडे रचना शिकला. श्रेकर म्हणजे उत्तर-रोमँटिक संगीताच्या शेवटच्या मोठ्या नावांपैकी एक. प्रागमध्ये कॉफमनने गुस्ताव मालरवर प्रबंध लिहिला. पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझी संघटनेचा पुढारी आहे हे कळल्यावर त्याच्याकडून पदवी घ्यायला त्याने नकार दिला. कॉफमन ज्यू होता. जर्मनीत हिटलर आलेला. १९३४ मध्ये तो मुंबईला पोचला. इथला व्हिसा सहज मिळाला, हे त्यामागचं साधं कारण त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. बर्लिनपासूनचा मित्र, चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी इथे होता. त्याच्या स्टुडिओत कॉफमनला काम मिळालं. वॉर्डन रोडजवळच्या रेवा हाउसमध्ये त्याचं बिऱ्हाड होतं.

आल्यावर त्याने हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि त्याला काहीच कळेना. परकं आणि अगम्य वाटलं. इथे त्याचा विचार मला फार मोलाचा वाटतो. हे संगीत माणसांनीच केलेलं आहे, आणि असंख्य माणसांना ते प्रिय आहे. मग मला ते कळत नसेल तर उणीव माझ्यात असणार, असं त्याने ठरवलं आणि शिकायला बसला. तेव्हा इथे आलेले कित्येक युरोपीय आपल्या गाण्याला गोंगाट म्हणून मोकळे होत. या माणसाने उलट वाट धरली. पुढे त्याने उत्तरेच्या रागांवर १९६८ मध्ये आणि दक्षिणेच्या रागांवर १९७६ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिले. ते आजही ग्रंथालयांत संदर्भासाठी काढले जातात.

मुंबईत पाऊल टाकल्यावर काही महिन्यांतच त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात बैठक होई. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ वेर्गा हा इटालियन. १९३७ च्या मेपर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत इतके! आजच्या मुंबईतही हे जमवणं सोपं नाही. बैठकीला यजमान, श्रोते आणि वादक यांच्यात जे अंतर नसतं, तेच चेंबर म्युझिकमध्येही नसतं. पुढे काठी घेऊन उभा राहणारा कुणी नाही, एका भागाला एकच वादक. चूक झाली तर लपायला जागा नाही. पारशी मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं. त्यांचा मुलगा झुबिन १९३६ चा, म्हणजे संकेतधुनीच्याच वयाचा. तंतुवाद्यं वाजवणारे बरेच वादक गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेले. असेच गोव्याचे वादक, अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे, पुढे हिंदी चित्रपटात गेले आणि गाण्यांच्या पाठीमागे व्हायोलिनचे ताफे उभे राहिले. बारामतीच्या टुरिंग टॉकीजमध्ये ज्यांनी ती गाणी ऐकली, त्यांच्या कानावर पाश्चात्त्य स्वरसंगती नकळत पडतच होती.

१९३७ ते १९४६ कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा संचालक होता. या वर्षांत त्याने स्ट्रिंग क्वार्टेट, व्हायोलिन सोनाटा अशा रचना केल्या. त्यातलीच एक म्हणजे त्याचं सेप्टेट: तीन व्हायोलिन, एक व्हिओला, दोन चेलो आणि पियानो. या संचाकडे नीट पाहा. नेहमीच्या पाच जणांऐवजी सात. पियानोच्या समोर सहा गज. दोन चेलोंमुळे खर्जाची बाजू जड. ब्राम्सने आपल्या क्विंटेटच्या पहिल्या रूपात जे दोन चेलो घेतले होते, ते पुढे त्याला सोडावे लागले. कॉफमनने दोन चेलोही ठेवले आणि पियानोही ठेवला. एक चेलो षड्ज धरून बसला, तरी दुसरा धून घेऊन मोकळा फिरू शकतो. तंबोऱ्याच्या देशात राहिलेल्या माणसाला ही सोय सुचावी, यात मला नवल वाटत नाही. तंबोऱ्यामुळेच असेल असं ठामपणे म्हणणार नाही, पण ऐकताना मन तिकडे जातं.

त्याच्या मुंबईतल्या रचना ऐकताना आणखी एक गोष्ट जाणवते. रागाची नक्कल करायचा मोह तो टाळतो. पियानोला मींड येत नाही, हे त्याने मान्य करून टाकलेलं आहे. मग पियानोकडे तो आघात देतो, लय देतो, झंकार देतो. वळणं, लडिवाळ घसरणं आणि लांब सूर गजाकडे राहतात. ज्याला जे येतं ते त्याला. संकेतधुनीत तर पियानो पूर्णपणे बाजूला झाला आहे आणि त्याच्या जागी तंबोरा आला आहे. तोही तारांचाच, तोही छेडला की विरत जाणारा, पण पुन्हा पुन्हा छेडला जाऊन अखंड वाटणारा. पियानोच्या जन्मजात उणिवेवर आपल्याकडे हा उपाय शतकानुशतकं होता. कॉफमनला तो दिसला, हे त्याचं श्रेय. आणि शिवरंजनीच का? तिचा कोमल गंधार युरोपीय कानाला मायनर स्वरसंगतीची हुरहुर देतो आणि आपल्या कानाला रागाची. दोन्ही घरांत एकाच वेळी पाय असलेला हा सूर आहे. त्याने याचसाठी ती निवडली असावी, असं माझं मत आहे.

ही धून गावोगाव पोचली ती स्वातंत्र्यानंतर. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर तिथून ‘गीतरामायण’ गेलं. गदिमा आणि सुधीर फडके यांची ५६ गाणी. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत, ही आठवण जुन्या घरांत अजून सांगतात. त्याच सुमाराला, १९५६ मध्ये, पुण्याहून ‘रेडिओ शेतकी मंडळां’चा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत जवळजवळ दीडशे गावांत गट नेमले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बसून चर्चा करायची, ठरलेलं शेतात करून पाहायचं. युनेस्कोच्या मदतीने झालेल्या या प्रयोगाचं मोजमाप केलं मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने. तो १९११ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला. १९३८-३९ मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेला. म्हणजे ज्या राजवटीने कॉफमनला मुंबईला ढकललं, तिनेच नॉयराथलाही देशोधडीला लावलं. एकाने रेडिओला धून दिली. दुसऱ्याने, पुण्याच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी त्या रेडिओतून काय घेतलं, हे गावात हिंडून नोंदवलं. दोघांची भेट झाली नसणार. नॉयराथ आला तेव्हा कॉफमन कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचं संचालन करत होता. पुढे तो इंडियाना विद्यापीठात गेला आणि १९८४ मध्ये ब्लूमिंग्टनला वारला. त्याच्या रचना जवळजवळ विसरल्या गेल्या होत्या. २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी आँसाम्ब्ल या संचाने त्याच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, आणि सेप्टेट पुन्हा ऐकायला मिळू लागलं.

हे संगीत आपल्या भागात कोण ऐकणार, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. प्रत्येक दिंडीत मधोमध वीणेकरी असतो. वीणा खाली ठेवत नाहीत. टाळ-पखवाजाचे ठोके उठतात आणि विरतात, वीणेचा सूर चालू राहतो, त्यावर अभंग. वर्षानुवर्षं हे ऐकलेल्या कानाला, ठोका आणि लांबण एकत्र कशी नांदतात हे कुणी शिकवायची गरज नाही. बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ हा ९०.४ मेगाहर्ट्झवरचा समुदाय रेडिओ आहे. पिकांच्या सल्ल्याच्या मध्ये एखाद्या गुरुवारी त्याने हे सेप्टेट लावलं आणि आधी दोन मिनिटं कुणी समजावून सांगितलं, तर लोक ऐकतील असा माझा विश्वास आहे.

ज्याला घरीच सुरुवात करायची आहे, त्याने क्रम असा धरावा. आधी संकेतधून, पण या वेळी वरच्या व्हायोलिनऐवजी खालच्या आवाजांकडे लक्ष देऊन. मग कॉफमनचं सेप्टेट. पहिल्या ऐकण्यात चाल शोधू नये. पियानो कधी बोलतो आणि कधी गप्प राहतो एवढंच पाहावं. त्यानंतर द्वोर्झाकचं क्विंटेट. ते सुरू होताच पियानोच्या हलक्या लहरींवर एकटा चेलो गायला लागतो, आणि तो ऐकताना परकेपणा टिकत नाही. ब्राम्स शेवटी. तो जड आहे, पहिला भाग दमवतो. तसं झालं तर सरळ तिसऱ्या भागावर जावं. तिथे सुरुवातीला चेलोवाला गज वापरत नाही. बोटाने तार छेडत एकच खालचा सूर ठोकत राहतो, आणि बाकीचे त्यावर हळूहळू चढत जातात. तो सूर पाश्चात्त्य लेखनात ‘सी’ आहे, आणि हा भागही ‘सी’ मायनरमधला. म्हणजे त्या भागाचा षड्जच, खर्जातला.